लाइट बघायला बसलेली आई

प्रसेनजीतच्या दुकानात शिरलं की उजव्या हाताला मेन स्विच लागतो. दुकान शाहूपुरीत, एका बोळाच्या तोंडाशी. पासपोर्ट फोटो, झेरॉक्स आणि लग्नपत्रिकांची जुळणी, एवढ्यावर त्याचा संसार उभा. दुकान काढलं त्याच वर्षी शेजारचं पडद्यांचं दुकान शॉर्टसर्किटनं जळालं. तेव्हापासून त्याची आई, आक्काताई, तो घरी आला की पाण्याचा तांब्या हातात द्यायच्या आधी विचारायची, "मेन बंद केलास का?" पुढं पुढं प्रश्नाची गरज राहिली नाही. शटर ओढायच्या आधी हात आपोआप तिकडं जायचा.

त्याचा कॉम्प्युटर नेहमीच्या सिस्टीमऐवजी लिनक्सवर चालतो. गिऱ्हाइकं पेनड्राइव्ह घेऊन येतात आणि त्यातून व्हायरस सोडून जातात, म्हणून त्यानं स्वतः शिकून हा बदल केला होता. कुठलंही काम करायचं ते रीतसर, हा त्याचा स्वभाव. परवाच्या सोमवारी त्यानं सिस्टीमचा मोठा अपग्रेड लावला, तोही गिऱ्हाइकांचं सगळं काम बाहेरच्या डिस्कवर उतरवून आणि नको त्या फाइली पुसून जागा करून मगच. काम किती झालं ते दाखवणारी पडद्यावरची पट्टी निम्म्यावर गेली असताना बहिणीचा, दीक्षाचा फोन आला. आई आंघोळ करून बाहेर आली, पाटावर बसली आणि गेली.

त्यानं खुर्ची आत सरकवली, मेन खाली ओढला, शटर ओढलं, कुलूप दोनदा हिसडून बघितलं. मग गाडीला किल्ली लावली.

गुरुवारी तो दुकानात परत आला तो फोटोसाठी. दुसऱ्या दिवशी आईच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. बुद्धमूर्तीशेजारी आईचा फोटो ठेवायचा, आणि धड फोटो घरात एकही नव्हता. तिला फोटो काढून घ्यायला आवडायचं नाही. पण दुकानात आली की प्रसेनजीत म्हणायचा, "आई, जरा स्टुलावर बस, लाइट बघायचाय." त्यासाठी मात्र ती बसायची. ते काम होतं, हौस नव्हे. ते सगळे फोटो 'टेस्ट' नावाच्या फोल्डरमध्ये पडायचे. गिऱ्हाइकाचं काम नव्हे म्हणून बाहेरच्या डिस्कवर ते कधी उतरवलेच नव्हते. अपग्रेडआधी जागा करताना तो फोल्डर पुसला की ठेवला, हे त्याला आठवत नव्हतं.

सोबत दीक्षा होती आणि पेठ वडगावहून आलेले केरबामामा, आक्काताईचे धाकटे भाऊ. प्रसेनजीतनं मेन वर केला, बटण दाबलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी भराभर वर सरकल्या आणि थांबल्या. शेवटच्या ओळीचा अर्थ एवढाच, की मशीनला स्वतःची डिस्क सापडत नाही. पुन्हा चालू केलं. पुन्हा तिथंच.

"आधार कार्डावरचा लाव की मोठा करून," मामा म्हणाले. "कोण बघतंय एवढं?"

"मामा, त्यात आई पोलिसांनी धरून आणल्यागत दिसतीया," दीक्षा म्हणाली.

"माझाबी तसलाच हाय. मी गेल्यावर काय करशीला?"

"तुमचा आत्ताच काढू की. बसा स्टुलावर."

मामा उठून दाराशी जाऊन उभे राहिले.

तेवढ्यात शेजारचा चष्मेवाला ज्ञानू येऊन टेकला. म्हणाला, "सोमवारी तुझं दुकान बंद हुतं आन आत कायतरी टीं टीं करत हुतं. मला वाटलं उंदरानं वायर धरली. मग थांबलं आपलं आपण."

"यूपीएस," प्रसेनजीत म्हणाला.

त्याच्या ध्यानात आलं. मेन गेल्यावर यूपीएसनं आपल्या बॅटरीवर मशीन थोडा वेळ तगवलं, बंद शटरच्या आत ओरडत राहिला, मग तोही संपला. अपग्रेड तिथं तुटला.

"फोन आल्यावर तू मेन बंद केलास?" दीक्षानं विचारलं.

"केला असणार."

त्याला त्याचं काही वाटलं नाही. तीन दिवस असंच चाललं होतं. लोक गळ्यात पडत होते आणि तो त्यांच्या चपला ओळीनं लावत होता.

लिनक्स सिस्टीमचा नवा गाभा बसवताना जुना लगेच टाकून देत नाही, बाजूला ठेवतो. प्रसेनजीतनं मशीन पुन्हा चालू करून यादी उघडली आणि जुना गाभा निवडला. ओळी सरकल्या, अडल्या, पुढं गेल्या. पडद्यावर नेहमीचं चित्र आलं नाही, पण नाव विचारणारी ओळ आली. त्यानं आज्ञा दिली: अर्धवट राहिलेलं पुरं कर. सोमवारी जिथं तुटलं होतं तिथून मशीननं काम उचललं.

"आता फोटो बघ की," दीक्षा म्हणाली.

"चित्र येऊ दे. मधी थांबवायचं न्हाय."

"लई वेळ लागंल?" मामांनी दारातून विचारलं.

"लागंल."

तो गुडघ्यांवर हात ठेवून ओळी बघत बसला. लागू दे वेळ, असंच त्याला वाटत होतं. घरी कुणी ना कुणी सारखं पाठीवर हात ठेवत होतं.

अडलेलं काम संपलं, त्यानं मशीन पुन्हा चालू केलं. या खेपेला मशीन नव्या गाभ्यावर सरळ उठलं. त्यानं फोल्डरांची यादी उघडली. दीक्षा खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. 'टेस्ट' होता. जागा करायची तर मोठ्या फाइली आधी पुसायच्या, हा त्याचा नियम. हे फोटो बारीक, म्हणून राहून गेले होते.

एकात आईचे डोळे मिटलेले. एकात ती पदर सारखा करतेय. एकात तोंड उघडं, नजर कॅमेऱ्याच्या बाजूला.

"ह्यो," दीक्षा म्हणाली. "ह्यात ती बोलाय लागलीया."

"तोंड उघडं हाय."

"मग? मिटलेलं कधी हुतं तिचं?"

दारातून मामा हसले आणि एकदम हसायचे थांबले.

प्रसेनजीतनं मागची भिंत पांढरी केली, गालावरची सावली उतरवली, कडा मोजून कापल्या, गिऱ्हाइकाचा फोटो करतो तशाच. मोठ्या कागदावर प्रिंट निघाली. ती त्यानं दोन पुठ्ठ्यांत घालून दीक्षाकडं दिली. मधल्या वेळात त्यानं अपग्रेडचे उरलेले भाग उतरवायला लावले होते, ते अजून उतरत होते. पट्टी पुन्हा निम्म्यावर होती.

त्यानं खुर्ची आत सरकवली. दिवा घालवला. हात मेनवर गेला.

"मेन बंद केलास का रं?" बाहेरून मामांनी विचारलं.

हात तिथंच राहिला. मग त्यानं तो काढून घेतला.

"न्हाय. चालू ठेवलाय. आत काम चालू हाय."

त्यानं शटर ओढलं, कुलूप दोनदा हिसडलं आणि पत्र्याला कान लावून उभा राहिला. आत मशीनच्या पंख्याची घरघर होती, टीं टीं नव्हतं. दीक्षानं हाक मारली, तरी तो जरा वेळ तसाच ऐकत राहिला.