दहा लिटरांचं रेनेट

दोन लिटर शेळीच्या दुधाला चार थेंब रेनेट, एवढं माझं पाठ झालं होतं. रेनेट म्हणजे दूध खरवसासारखं घट्ट बसवणारं औषध, छोटी बाटली कुरिअरने जव्हारला येते. शाळेतून आले की मी घरच्या घरी चीज करत बसायचे. हौस म्हणून ठीक होतं. पण एका होमस्टेवाल्याने ते चाखलं आणि शनिवारच्या पाहुण्यांसाठी दहा लिटरांचं मागितलं. मी हो म्हणून मोकळी झाले. माझी जीभ आधी चालते, डोकं मागून.

दूध यायचं सूर्यमाळहून, माझ्या आत्याकडून. तिची रीत ठरलेली: एक सड आपला, एक करडाचा. धार काढताना करडं डालग्याखाली झाकायची, मग सोडायची. त्या उन्हाळ्यात विहिरीने तळ गाठला होता, पाला मिळेना, शेळ्या आटत चाललेल्या. पांढऱ्या शेळीचं धाकटं करडू तर उभं राहतानाही लटपटायचं. हे उन्हाळा काढील का, असं आत्या मला विचारायची, जशी काही मी ढोरांची डॉक्टर. ते जगावं म्हणून ती स्वतःच्या वाट्याची पेज त्याला चाटवत होती. मला त्याच्याकडे बघवत नसे.

दोन दिवसांचं दूध साठवून मी मोठ्या पातेल्यात कोमट केलं आणि सरळ त्रैराशिक मांडलं. दूध पाचपट, म्हणून थेंब वीस. गणित शिकवते ना मी! पण मोठं पातेलं ऊब धरून बसतं, त्यात औषध जास्तच चढतं, आणि माझे थेंब एक बारीक तर एक टपोरा. चहा पिऊन येते तो दूध रबरासारखं बसलेलं. दुसऱ्या दिवशी चाखलं तर कडू जहर. सगळं परसात खड्डा करून पुरलं. माती ओढताना उगाच भीती वाटली. आत्या म्हणते, दूध मातीत घालू नये.

होमस्टेवाला ऐकेना, पाहुणे यायचेच होते. आत्याला फोन केला, पहिलं वाया गेल्याचं सांगितलं, आणि पुन्हा दहा लिटर, तेही एका दिवसात जमेल का म्हणून विचारलं. तिच्या मागे करडं ओरडत होती. "नसेल तर राहू दे," मी म्हणाले.

"बघते," ती म्हणाली. "तू शब्द देऊन बसलीस ना."

संध्याकाळी जीपवाल्याने कॅन आणून ठेवला, काठोकाठ भरलेला. एका दिवसात एकेका सडाचं एवढं दूध निघत नाही, हे मलाही कळत होतं. फोन लावला, लागला नाही. दूध तापायला ठेवलं.

या वेळी सिरिंजने मोजलं. पाचपटीच्या बरंच खाली थांबले, पातेलंही लवकर उतरवलं. दही कसं बसावं तसं बसलं, सुरी घातली तर कडा स्वच्छ. होमस्टेवाला खूश होऊन पुढच्या वेळी वीस लिटरांचं करा म्हणाला. त्याच्या तोंडावर काहीतरी फेकावंसं वाटलं, का ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

रविवारी चीजचा तुकडा घेऊन वर सूर्यमाळला गेले. अंगणात पांढरी शेळी डालग्याभोवती फिरत ओरडत होती. डालग्याखाली काही नव्हतं. आत्या ओटीवर बसलेली. माझा आवाज चढला. दोन्ही सड कशाला पिळलेस, मला नाही म्हणायला काय झालं होतं, त्या होमस्टेवाल्याला घातलं असतं चुलीत. बोलता बोलता मला रडू फुटलं.

तिने मला बोलू दिलं. तुकडा घेतला, चावून बघितला.

"आता नाय कडू लागत," ती म्हणाली. मग शेळीकडे बघत, रागाने नाही, "पयलं पुरलंस ना बाय, तेवढ्या दुधात जगलं असतं ते."