भरल्या पोटी

"कोपरा फक्त," असं म्हणत आमच्या ऑफिसातले काका अंगठा आणि तर्जनी चिमट्यासारखी पुढे करायचे, समोरच्या बर्फीचा एक कोपरा अलगद मोडायचे आणि तोंडात टाकायचे. क्षणभर डोळे मिटायचे. मग उरलेल्या बर्फीकडे बघून म्हणायचे, "वाकडी दिसतेय हो आता." आणि ती सरळ करण्यासाठी दुसरा कोपरा मोडायचे. भूमिती तुम्हीही शिकला असाल. चौकोनाचा एक कोपरा मोडला की तिथे दोन नवे कोपरे तयार होतात. त्यामुळे बर्फी संपेपर्यंत ते कोपरेच खात असायचे. आपण आयुष्यात कधी अख्खी बर्फी खाल्लेली नाही, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

आमची कंपनी वजनकाटे विकते आणि दुरुस्त करते. नारायण पेठेत एका अरुंद जिन्याच्या टोकाला ऑफिस आहे. तक्रारींचे फोन मी घेते आणि दुरुस्तीला ते जायचे. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. आमची निम्मी गिऱ्हाइकं मिठाईवाली. म्हणजे बघा, नियतीनं या माणसाला नेमकं कुठे नोकरीला लावलं होतं! काटा दुरुस्त झाला की तो तपासायला त्यांच्या पिशवीत सरकारी शिक्क्याची वजनं असायची. ती काट्यावर ठेवून झाली की ते काउंटरवरच्या ताटाकडे वळायचे. "वजनानं काटा बरोबर आहे ते कळतं. दुकान बरोबर आहे की नाही, ते पेढ्यानं कळतं."

रोज धायरीहून स्कूटरवर यायचे. जिन्यात आधी त्यांचा श्वास ऐकू यायचा, मग पोट दिसायचं आणि मग ते स्वतः. अर्ध्या पुण्याचे काटे सरळ करणारा हा माणूस स्वतः काट्यावर कधी उभा राहिला नव्हता. कुणी छेडलं तर म्हणायचे, "न्हावी स्वतःचे केस कापतो का?"

आणि एका सोमवारी त्यांनी जाहीर केलं, "आजपासून गोड बंद."

ऑफिसात हशा पिकला. मालकांनी तर चष्मा काढून डोळे पुसले. काका हसले नाहीत. त्यांनी डबा उघडला. आत काकडी होती. नुसती काकडी. ती त्यांनी अशा चेहऱ्यानं खाल्ली, की शेजारच्या टेबलावरच्यांनी आपला पराठा झाकून ठेवला.

पहिल्या आठवड्यातले त्यांचे पराक्रम मला अजून आठवतात. दिवसभर काकडी आणि टोमॅटो. चार वाजता हात थरथरायला लागायचे. पाच वाजता ते एखाद्या दुकानात काटा दुरुस्त करत असायचे आणि सहा वाजता मला फोन यायचा. "ताई, मुगाचा हलवा खाल्ला. पण मूग आहे तो. डाळ."

दुसऱ्या दिवशी गाजर हलवा. "गाजर डोळ्यांना चांगलं."

तिसऱ्या दिवशी दुधी हलवा. "दुधी तर डॉक्टर स्वतः सांगतात, ताई!"

"डॉक्टर रस सांगतात, काका."

"रसच होता. फक्त आटवलेला."

शेवटी मी विचारलं, "काका, इतका जीव जातोय तर कशाला करताय हे?"

त्या दिवशी ते बिनसाखरेचा चहा पीत होते. कपात बघत म्हणाले, "अक्काला मूत्रपिंड द्यायचंय. माझं जुळतंय. पण डॉक्टरांनी माल परत पाठवला हो. म्हणाले, वजन फार आणि साखर काठावर. दोन्ही खाली आणा, मग बघू. साखर काठ ओलांडून गेली, तर विषय संपला."

मग कप खाली ठेवून म्हणाले, "दुसरं कोणी नाहीये तिला."

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. लग्न न केलेली, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. विश्रांतवाडीला एकटी राहायची आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जायची. मीही विश्रांतवाडीचीच. आमच्या घरापासून अक्कांचं घर चालत जाण्याइतकं जवळ, हे कळल्यावर काकांनी एक दिवस काहीतरी कागद पोचवायला मला तिथे पाठवलं.

दार उघडणाऱ्या बाई काटकुळ्या होत्या. काकांच्या शेजारी उभ्या केल्या असत्या तर दहाच्या आकड्यासारखं दिसलं असतं. त्यांनी कागद घेतले, मला आत बसवलं आणि विचारलं, "बाळ्या ऑफिसात काय खातो?"

बाळ्या म्हणजे काका, हे लक्षात यायला मला जरा वेळ लागला.

"काकडी," मी म्हणाले. संध्याकाळच्या हलव्यांबद्दल बोलले नाही.

"आणि संध्याकाळी?"

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागले.

"वाटलंच. अगं, उपाशी माणसाला साखर पिशाचासारखी धरते. त्याला हॉस्पिटलातल्या आहारवाल्या बाईंनी नीट सांगितलं होतं, उपाशी राहू नका, पोट भरेल असं खा. हा घरी येऊन काकडी चिरत बसला. लहानपणीही गणित न वाचताच उत्तर लिहायचा." त्या उठल्या. "उद्या सकाळी जाताना डबा घेऊन जा. जमेल ना?"

तेव्हापासून मी डबेवाली झाले.

त्या डब्यात काय काय असायचं म्हणून सांगू! मोड आलेल्या मटकीची उसळ, वर कांदा-कोथिंबीर. ज्वारीची भाकरी आणि घट्ट वरण घातलेली पालेभाजी. मुगाची धिरडी. कधी दोन उकडलेली अंडी, मिरपूड भुरभुरून. ताकाची बाटली वेगळी. चार वाजताच्या थरथरीसाठी एका पुडीत फुटाणे आणि एक पेरू. डबा उघडला की सगळं ऑफिस माना वळवायचं.

गंमत अशी, की यातलं जवळजवळ काहीच अक्कांना स्वतःला चालायचं नाही. उसळी मोजक्या, पालेभाज्या नकोत, फळं तर बहुतेक बंदच. त्यांच्या स्वतःच्या भाज्या उकळून, पाणी फेकून दिलेल्या, चव गेलेल्या. मी एकदा न राहवून विचारलं, "अक्का, तुम्हाला खाता येत नाही आणि रोज हे रांधायचं, त्रास नाही होत?"

"वास येतो ना," त्या म्हणाल्या. "मीठ बरोबर पडलंय की नाही, ते मला वासावरून कळतं. आणि एक सांगू? त्याला जे खायला सांगितलंय ते मला बंद, आणि मला जे चालतं त्यातलं बरंचसं त्याला बंद. आम्हा दोघांचं मिळून एक ताट होतं."

मग लगेच आवाज चढवून, "त्याला सांग, डबा घासून पाठवायचा. नुसता विसळून नाही."

डबा सुरू झाला आणि काकांनी एक नवीन पद्धत काढली. मिठाईच्या दुकानात शिरण्याआधी बाहेर स्कूटर लावायची, सीटवर डबा उघडायचा आणि उभ्या उभ्या पोटभर उसळ खायची. लोक बघायचे. एकदा एका दुकानाच्या मालकांना वाटलं, दुकानासमोर कोणीतरी हातगाडी लावून उसळ विकतोय. ते तावातावानं बाहेर आले. काका म्हणाले, "अहो, मी तुमचा काटेवाला. जेवून आत येतो."

"आत बसून जेवा की."

"आत बसून उसळ जात नाही."

मला त्यांनी याचं कारण समजावलं होतं. "ताई, भरल्या पोटी आत गेलं की बर्फी नुसती बर्फी दिसते. रिकाम्या पोटी गेलं की ती बोलायला लागते."

पण मिठाईवाले गप्प बसणारे नव्हते. एका जुन्या गिऱ्हाइकानं पेढा पुढे केला. काका म्हणाले, "नको." त्या गृहस्थांनी पेढा उलटसुलट करून पाहिला. "का? मालात काही खोट दिसली?" "माल उत्तम आहे. माझ्यातच खोट आहे." "मग खोट असलेल्या माणसाकडून आम्ही काटा दुरुस्त करून घ्यायचा का?" तिथून बाहेर पडायला काकांना अर्धा तास लागला. पण पेढा खाल्ला नाही.

हिंजवडीतल्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये सॅलड वजनावर विकतात. तिथला काटा बिघडला म्हणून काका गेले आणि दुपारी चक्रावून परत आले. "ताई, पालापाचोळा तोलून घेतात हो! एक मुलगी वाडगाभर पानं घेऊन आली. मी विचारलं, बाळ, यानं पोट भरतं का? ती म्हणाली, नो अंकल, पण चारला मी ब्राउनी खाते ना."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? माझी फुटाण्याची पुडी दिली तिला. म्हटलं, पोरी, मी या रस्त्यानं जाऊन आलोय."

दिवस जात होते. त्यांच्या पट्ट्याला नवी भोकं पडली. जिन्यातला श्वास ऐकू येईनासा झाला, त्यामुळे ते एकदम समोर उभे राहायचे आणि मी दचकायचे. धायरीला त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, फोन केला तर त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं मी कानीकपाळी ओरडले, तेव्हा हलले नाहीत. बहिणीसाठी बघ कसे हलले. मी संमतीच्या सह्या केल्यात बाई सगळ्या कागदांवर. पण ऑपरेशन झाल्यावरही असेच राहा म्हणावं." मग ऑपरेशन किती तास चालतं, ते मला दोनदा विचारलं. घाबरलेल्या होत्या.

आणि मग तो जिलबीचा दिवस आला.

दुपारी अक्कांचं डायलिसिस चालू असताना रक्तदाब एकदम खाली गेला आणि त्या बेशुद्ध पडल्या. हॉस्पिटलातून काकांना फोन गेला. फोन ठेवण्याआधीच तिकडचे म्हणाले, की आता शुद्धीवर आल्यात, ठीक आहेत. काका तेव्हा एका दुकानात होते. कढईतून जिलबी निघत होती.

संध्याकाळी मी डबा परत द्यायला अक्कांकडे गेले. त्या पलंगावर पडून होत्या, पण तोंड शाबूत होतं. डब्याच्या झाकणाला बोट लावून तपासत होत्या, तेवढ्यात काका आले. दारातच उभे राहिले. शर्टावर पाकाचा डाग होता.

"अक्का," ते म्हणाले, "मी जिलबी खाल्ली."

पुढच्याच आठवड्यात त्यांच्या तपासण्या होत्या.

"किती?"

"पाव किलो असेल. मोजली नाही."

"काटेवाला ना तू?"

काकांचा खालचा ओठ लहान मुलासारखा हलत होता. "मला वाटलं, तू गेलीस. म्हणजे, ते म्हणाले होते की शुद्धीवर आलीय. पण मला ते ऐकूच आलं नाही नीट. मी स्टुलावर बसलो. समोर ताट होतं. हात जात राहिला."

अक्कांनी डब्याचं झाकण बाजूला ठेवलं. मग विचारलं, "गरम होती?"

"हो."

"कुरकुरीत?"

"हो."

"मग ठीक आहे. गार, मऊ पडलेली खाल्ली असतीस तर माफ केलं नसतं." आणि कुशीवर वळून म्हणाल्या, "मटकी भिजत घातलीय. उपसून फडक्यात बांध. आणि घरी जाऊन जेव नीट. उपास करून बसलास तर उद्या पुन्हा जिलबी खाशील."

काका आत गेले. मी निघाले तेव्हा ते ओट्याशी उभे होते. एका हातानं फडक्याची गाठ मारत होते, दुसऱ्या हाताच्या मनगटानं डोळे पुसत होते, आणि दोन्ही नीट जमत नव्हतं.

तपासण्यांच्या आदल्या दिवशी एका किराणा दुकानातून साखरेची पोती तोलायचा मोठा काटा दुरुस्तीला आला होता. काका त्याच्याभोवती दोन चकरा मारून थांबले. म्हणाले, "सगळ्यांनी तिकडे बघा." आम्ही भिंतीकडे तोंडं केली. काटा किणकिणला. मग पुन्हा. आणि पुन्हा. मालकांनी भिंतीकडे बघतच विचारलं, "अहो, काटा बिघडलाय का?"

"नाही," काका म्हणाले. "बरोबर आहे. म्हणूनच तर."

आकडा उतरलाय, हे आवाजावरून आम्हाला कळलं. आम्ही वळून बघितलं तर ते हसत होते.

तपासण्या पार पडल्या. साखर आटोक्यात आली होती. एका जिलबीच्या दिवसानं काही बिघडवलं नव्हतं. पुढचे सोपस्कार झाले आणि ऑपरेशन झालं. दुपारी काकूंचा फोन आला, दोघंही शुद्धीवर आहेत. अक्कांनी शुद्धीवर आल्यावर पहिलं काय विचारलं असेल? "बाळ्या जेवला का?" काकूंनी सांगितलं, आज दोघांनाही काही खायचं नाही. "बरं झालं," अक्का म्हणाल्या, "एकदा तरी दोघांचा आहार सारखा झाला."

काका मात्र ऑफिसात परत आले नाहीत. डॉक्टरांनी सुरुवातीला जड उचलायला मनाई केली आणि आमच्या कामात लोखंडी वजनांशिवाय पान हलत नाही. काकूंनी त्यांना नोकरीच सोडायला लावली. धायरीतच एका ओळखीच्यांच्या वह्या-पेनांच्या दुकानात ते आता बसतात. अजूनही फोन येतात, "ते तुमचे काका का नाही येत?" मी सांगते, ते आता येत नाहीत. एकजण म्हणाले, "वाईट वाटलं हो." मला घाईघाईनं सांगावं लागलं, की तसं काही नाही, ठणठणीत आहेत.

अक्कांकडे पाहुण्यांना बरेच दिवस बंदी होती. ती उठल्यावर मी एका दुपारी गेले. तोंडाला मास्क लावून, दारापाशीच खुर्ची टाकून बसले. काकाही आलेले होते, सदरा ढगळ झालेला, गालांची हाडं दिसणारे. अक्कांसमोर पाण्यानं काठोकाठ भरलेला तांब्या होता. डायलिसिसच्या सगळ्या वर्षांत त्यांना पाणी घोट घोट मोजून प्यावं लागायचं, तहान लागली तर ओठ ओले करून भागवावं लागायचं, हे मला काकांनी तेव्हा सांगितलं. आता डॉक्टर म्हणत होते, भरपूर प्या.

अक्कांनी तांब्या दोन्ही हातांनी उचलला आणि तोंडाला लावला. मध्ये थांबल्या नाहीत. गळ्याची घाटी वरखाली होत होती. काका समोर बसून बघत होते.

"हळू, अक्का. ठसका लागेल."

त्यांनी हातानंच "गप्प बस" अशी खूण केली, तांब्या रिकामा केला आणि खाली ठेवला. हनुवटीवरून पाणी ओघळत होतं, ते त्यांनी पुसलं नाही.

काका उठले, स्वयंपाकघरात गेले आणि तांब्या पुन्हा भरून घेऊन आले.