नव्या आईच्या वहाणा

माझ्या वडिलांचं दुसरं लग्न मी जवळजवळ मोडलं होतं, तेही आहेर देऊन.

सन पस्तीसच्या सुमाराची गोष्ट. मी दहा वर्षांची, धाकटी शेवंता सातची. आई जाऊन दोन वर्षं झालेली. कन्हेरीत आमची वांग्या-मिरच्यांची बागायत, घरात बाईमाणूस नाही, भाकरी मी थापायची. (आबा ती मुकाट खायचे. उरलेली म्हशीला घातली, तर म्हैस मात्र माझ्याकडं बघत राहायची.) शेवटी आत्यानं कळंबच्या गयाबाईचं जमवलं. तीही विधवा, आमच्यात अशा लग्नाला पाट लावणं म्हणत. बाई घर बघायला आली, आम्हा दोघींना जवळ घेतलं आणि निघताना आत्याला म्हणाली, "पोरींच्या मनात नसंल, तर मी यायची न्हाय."

आमच्या मनात तर इतकं होतं, की मी तिला पिठाचा डबा कुठं असतो तेसुद्धा दाखवून ठेवलं होतं!

"मग पाटाच्या दिशी तिला कायतरी द्या की," आत्या म्हणाली. "म्हंजी कळंल तिला."

शेवंताला शेळीचं करडू द्यायचं होतं. मला आठवलं, बाई अनवाणी आली होती आणि बांधावर तिच्या पायात बाभळीचा काटा मोडला होता. वहाणाच द्यायच्या! पण माप? मी डोकं चालवलं. बाई आपल्या थोरल्या भावाबरोबर, तात्यांबरोबर आली होती. बाईमाणूस गड्याच्या मागनं चालतं. म्हणजे ओल्या बांधावर सगळ्यात वर उमटलेलं पाऊल तिचंच. कडब्याच्या काडीनं मी ते मापलं.

"अक्का, लई मोठा पाय हाय."

"मोठ्या माणसांचा मोठाच असतोय, शेवंते."

पाटीभर वांगी देऊन रामाबाबांकडून वहाणा शिवून घेतल्या. त्यांनी विचारलं, "आबाच्या व्हय गं?" मी नुसती हसले. (गुपित होतं ना!)

पाटाच्या दिवशी कळंबची मंडळी घोंगडीवर बसली. विधी सुरू व्हायच्या आधी मी पुढं झाले आणि बाईसमोर वहाणा धरल्या. दोन्ही हातांत, चांगल्या उंच, मागच्यांनाही दिसाव्यात म्हणून.

आत्यानं कपाळाला हात लावला. तात्या उठलेच.

"सावत्र आईला भर बैठकीत वहाण दाखवती? गया, ऊठ. गाडी जुंपा रं."

"अवो तात्या, पोर हाय," म्हणत आबा बैलांना आडवे गेले.

"थांब दादा," बाई म्हणाली. "ह्या कशापायी गं, बाळ?"

"तुमाला काटा मोडला हुता." मी तोवर रडायला लागले होते.

"आन माप कुठनं घेतलंस?"

मी सगळं सांगितलं. बांध, काडी आणि गड्याच्या मागनं चालणारी बाईमाणसं.

बाई भावाकडं वळली. "दादा, त्या दिशी तू तंबाखूची चंची इसरलास, माघारी गेलास आन माझ्या मागनं आलास. घाल बघू पाय."

तात्यांनी पाय घातला. अस्सा बसला, जणू वहाण पायावरच शिवलीय!

"पोरींच्या मनात हाय, कळलं मला," बाई आत्याला म्हणाली. "आन ह्या थोरलीला तर आईची लईच गरज हाय. आटपा बिगीनं."

तात्या त्या वहाणा घालूनच कळंबला गेले. आईला आबांनी पुढं दुसऱ्या आणल्या. आणि त्या दिवसापासून चोळीचं माप असो की वाफ्याची लांबी, आई हाक मारायची ती शेवंताला. मी उठायला लागले, की म्हणायची, "तू बस, बाळ. तू लई हुशार हायस."