डबीवरची अक्षरं

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलाला घेऊन तंजावूरला जायचं ठरलं, तेव्हा मी कपड्यांच्या आधी औषधांची पेटी भरली. मुलगा सहा वर्षांचा, पोटाने नाजूक. आणि आजारपणाच्या बाबतीत मी, नवऱ्याच्या शब्दांत, डोक्यावर पडलेली. कापलेली फळं बंद, बर्फ बंद, उसाच्या रसाकडे बघायचंसुद्धा नाही, पाणी उकळलेलंच, अकरा ते चार उन्हात पाऊल टाकायचं नाही. एवढं करूनही काही झालंच तर पेटी होतीच. पाकिटं बॅगेत फाटतात म्हणून मी जलसंजीवनीची पावडर पाकिटांतून काढून छोट्या डब्यांमध्ये भरली, एका डबीत एक पाकीट. प्रत्येक डबीवर ठसठशीत अक्षरांत चिठ्ठी चिकटवली: ‘जुलाब झाल्यास. अख्खी डबी एक लिटर पाण्यात. घोट घोट द्यावे.’ रिकामी पाकिटं कचऱ्यात टाकली आणि स्वतःवरच खूश झाले.

तंजावूरला माझी आत्या राहते, वडिलांची धाकटी बहीण. तीस वर्षं शाळेत गणित शिकवण्यात घालवलेली, आता निवृत्त, बसस्टँडजवळच्या फ्लॅटमध्ये एकटी. आमचं घराणं तिथे मराठ्यांच्या राज्यापासूनचं. वडील नोकरीसाठी पुण्याला आले आणि तिथलेच झाले. आत्या फोनवर माझ्याशी कायम मराठीतच बोलायची. सूर तमिळ, मधूनच जुने शब्द, लाडाने मला ‘कन्ना’ म्हणायची, पण मराठीच.

पहिल्याच संध्याकाळी मी पेटी तिच्यापुढे उघडली. “सगळं मराठीत लिहिलंय, म्हणजे तुला सोपं.” तिने एकेक डबी हातात घेतली, चष्मा वर-खाली केला, मान डोलावली. “अक्षर चांगलं आहे तुजं,” म्हणाली. मला केवढा आनंद झाला!

आठवडा सुखरूप गेला. नवव्या दिवशी सकाळी मी एकटीच तिरुवैयारूला गेले. वडील लहानपणी तिथे कावेरीत पोहायला शिकले होते, ती जागा बघायची होती. नदीत पाण्यापेक्षा वाळूच जास्त होती. दुपारी एकच्या सुमाराला बसने परतले आणि दार उघडलं. मुलगा सोफ्यावर आडवा पडला होता. डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले, आणि तो चिडून ओरडत होता, “पाणी! हे नको, साधं पाणी!” आत्या हातात टंबलर, म्हणजे स्टीलचा छोटा पेला, घेऊन त्याच्याशेजारी बसली होती. मी त्याला उचललं तर त्याची मान माझ्या खांद्यावर लुळी पडली.

“तू गेल्यावर जुलाब झाल्हे,” आत्या घाबऱ्या घाबऱ्या सांगत होती. “मी तुजं औषध दिलं. दोन डब्या दिल्या. प्यायला की ओकतो, पुन्हा तहान म्हणतो.”

कोपऱ्यावरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी त्याला तपासलं, सलाइन लावलं आणि इंग्रजीत विचारलं, पावडर किती पाण्यात घातली होती? मी ताडकन उत्तर दिलं, “एक लिटर.” माझी चिठ्ठीच होती ना तशी! आत्या माझ्यामागे उभी होती. ती हळूच तमिळमध्ये काहीतरी बोलली आणि डॉक्टरांचा चेहरा बदलला. ते माझ्याकडे वळून म्हणाले, दोन टंबलर. एक डबी दोन टंबलरमध्ये. म्हणजे मुलाच्या पोटात औषध नव्हे, मीठच गेलं होतं, आणि आता अंगातलं ते मीठ हळूहळू उतरवावं लागणार होतं. घाई केली तर मेंदूला धोका, असंही ते म्हणाले.

बाहेर बाकावर मी आत्याला विचारलं, “डबीवर लिहिलेलं होतं ना?”

ती पदराचं टोक पिळत राहिली. “मला ती अक्षरं येत नाहीत, कन्ना. इथे आम्हां कोणालाच येत नाहीत. बोलायला मराठी, वाचायला तमिळ. चव घेतली, ग्लुकोजसारखी लागली. ग्लुकोज घालतो तसंच घातलं.”

मला वाटलं, ही चेष्टा करतेय. तीस वर्षं पोरांना गणित शिकवलेली माझी आत्या, माझ्याशी मराठीत बोलणारी, आणि तिला ‘एक लिटर’ वाचता येत नाही? वडिलांनी हे कधी सांगितलं कसं नाही? आणि मीही कधी विचारलं कसं नाही?

“मग त्या दिवशी बोलली का नाहीस? मला फोन का नाही केलास?”

“एवढं मायेनं लिहून आणलंस. लाज वाटली मला. आणि फिरायला गेलीस, कशाला त्रास म्हणून.”

“तुझ्या लाजेपायी माझं पोर गेलं असतं!” मी भर दवाखान्यात किंचाळले. थोड्या वेळाने माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि तो जास्त वाईट होता. पाकिटावर इंग्रजीत सगळं छापलेलं होतं, लिटरच्या आकड्यासकट. इंग्रजी तिला माझ्याइतकंच येतं. मी पाकिटं फेकली नसती, तर काहीही झालं नसतं.

दोन दिवस त्याला तिथे ठेवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने आत्याकडे दहीभात मागितला आणि आम्ही दोघी एकमेकींकडे न बघता रडलो.

तिसऱ्या सकाळी सोडलं. औषधांच्या खिडकीवरच्या मुलीने गोळ्या आणि बाटल्या कागदी पाकिटांत घातल्या, प्रत्येकावर भराभर तमिळमध्ये काहीतरी लिहिलं, तोंडाने त्याहून भराभर सांगितलं आणि विचारलं, “पुरिंजिदा?” कळलं का, एवढं मला समजलं. मागे रांग होती. मी मान डोलावली, “सेरी”, ठीक आहे, म्हटलं, पाकिटं पर्समध्ये टाकली आणि निघाले.

रिक्षापर्यंत गेले आणि थबकले. माझ्या हातात माझ्या मुलाचं औषध होतं, त्यावरचं एक अक्षर मला वाचता येत नव्हतं, आणि मी हसून मान डोलावून आले होते.

आत्या मुलाला घेऊन रिक्षात बसली होती. मी पाकिटं तिच्या मांडीवर ठेवली. “मला वाचता येत नाही,” म्हटलं. फार जड गेलं ते म्हणायला.

तिने चष्मा लावला. कुठलं सकाळी, कुठलं जेवणानंतर, बाटलीतले किती थेंब, सगळं सावकाश वाचून दाखवलं. मग माझं मनगट धरलं आणि म्हणाली, “आता तू सांग मला.” तीनदा म्हणवून घेतलं माझ्याकडून, तेव्हा कुठे तिने मनगट सोडलं.