वांग्यांशिवाय भरीत

‘काउंट ऑन’ या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ ‘भिस्त ठेवणे’ असा असून तो अख्ख्या चाळीसगावात माझ्याइतका नीट कुणी शिकवलेला नाही. (हे माझं मत. विद्यार्थ्यांना मी विचारलेलं नाही.)

मेघाचं, म्हणजे माझ्या मुलीचं, लग्न ठरलं. धुळ्याच्या व्याह्यांना मी नानांच्या, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या, भडगावच्या मळ्यात भरीत खायला बोलावलं. मंडळी आपल्याकडे पहिल्यांदाच जेवणार, तेव्हा लेकीच्या माहेरची अब्रू पणाला लागलेली. बायको कुणी काय आणायचं ते लिहू लागली. मी तिचं पेनच काढून घेतलं.

“भरताचं सगळं माझ्याकडे. यू कॅन काउंट ऑन मी! म्हणजे, एखाद्यावर काम टाकून आपण निर्धास्त झोपायचं.”

“अहो, पण वांगी?”

“वांग्यांच्या मळ्यात वांगी घेऊन जायची?”

मळ्यात पोचलो. मिरच्या, लसूण, कांद्याची पात, पुऱ्या, सगळं हजर. कपाशीच्या काड्या धडधडून पेटल्या. रस्त्यावर धुळ्याच्या दोन गाड्या दिसू लागल्या.

“नाना, वांगी काढा.”

“कोठली वांगा? सकायलेच बठ्ठा तोडीसन मार्केटले धाडी दिधात. माले वाटनं, तू लई येशी. तूच सांगं ना, बठ्ठं मनाकडे शे म्हनीसन!”

म्हणजे मळ्यातली वांगी सकाळीच बाजारात गेली होती, आणि ‘सगळं माझ्याकडे’ म्हणणारा मीच ती घेऊन येईन, असं नाना धरून चालले होते. आमच्याकडे भरताला माणसं बोलावून वांगी विसरणारा मी पहिलाच असेन. मी जाळावर वाकलो आणि धुराने डोळे चुरचुरल्याचं निमित्त करून वर बघायचंच टाळलं.

मेघा मात्र सरळ व्याह्यांसमोर गेली. “आबा, वांगी आणायची राहिली. शेजारच्या मळ्यातल्या अक्का तोडू देताहेत. येता का सगळे?”

मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा विहीणबाई पदर खोचून वांगी तोडत होत्या आणि आबा पाटी धरून मागे उभे होते. त्या दिवशीचं भरीत बोटं चाटून संपलं.

निघताना आबा म्हणाले, “सर, तुमनी पोर भरोसानी शे.”

माझी छाती अशी फुगली की शर्टाचं बटण तुटायचं राहिलं. बायकोला म्हटलं, “बघ, शेवटी माझ्याकडूनच शिकली ना?”

“तर काय! तुमच्यावर भिस्त ठेवायची नाही, हे तिला दुसरं कोण शिकवणार?”