बांधावरचा हवालदार

परवा आगरदांड्याच्या वाटेवर मशीन लावून शेतात खारं पाणी शिरू नये म्हणून घालतात तो खारीचा बांध भरत होते. खाडीच्या चिखलाचा वास आला नि आमचे हे डोळ्यापुढं आले. हात मागं बांधून बांधावर उभे.

इंग्रजांच्या पलटणीत होते ते. शिपाई होते तवा सुट्टीवर आले की चिखलात सगळ्यांच्या पुढं. नाईक झाले, तर काम करायचे नि वर ओरडायचे. हवालदार होऊन आले, त्या साली उधाणानं बांध फुटला. पुढची भरती शेतात शिरली तर दोन-तीन वर्सं भात पिकणार न्हाय. सगळा गाव चिखलात उतरला. हे वर उभे, नुसते बघत.

सासू खालून म्हणाली, "हवालदार झालास नि हाताला मेंदी लागली काय रं?"

हे हसले. "आये, सगळेच वाकले तर पाणी कुठनं येतंय ते कोण बघंल?"

मग दमलेल्या चुलत्याला म्हणाले, "काका, तुमी वर या. पेंढा कुठं टाकायचा ते पोरांना सांगा."

मलाबी राग आलेला. खाऱ्या पाण्यानं पाय चिरलेले, डोक्यावर चिखलाची पाटी. तेवढ्यात ह्यांनी बायांची रांग लावली, पाट्या हातोहात द्यायला. मला टोकाला, सुक्यात उभं केलं.

भरतीच्या आधी बांध उभा राह्यला. भात वाचलं.

मला दिवस गेले होते, सासूलाबी सांगितलं नव्हतं. घरी येताना विचारलं, "तुमाला कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाय. पाटी घेऊन चालताना तुझा तोल गेला. तुझा कधी जात न्हाय."