स्क्रीनवर धरलेली वही

माझी नोकरी वाचवली ती आमच्या गिरगावच्या ऑफिसात मेलचा सर्व्हर सांभाळणाऱ्या माझगावच्या अंकलनी. दुसरीकडे नोकरी शोधणाऱ्यांचे मेल अडवून दाखवायचे, असा शेठचा हुकूम होता. अंकल मेल तपासताना स्क्रीनच्या खालच्या भागावर वही धरत. "मी पाकीट बघतो फक्त, वरचं नाव नि विषय. आतलं आपलं काम नाय," म्हणत.

मी नववीत शाळा सोडलेली, मला यातलं काय कळणार? आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, गावाजवळ काम द्या, असा मेल मी चंद्रपूरच्या एका ऑफिसला इथूनच पाठवला. दुपारी अंकल टेबलाशी आले. "अगं, असलं स्वतःच्या फोनवरून पाठव. अडकलं होतं, मी सोडलं. शेठला नाय दाखवलं." मला रडूच आलं.

सोमवारी त्यांनी विचारलं, "आईचा डोळा कसा आहे?"

डोळ्याचं मी ऑफिसात कोणालाच सांगितलं नव्हतं. विषयाच्या जागी तर नुसतं 'अर्ज' लिहिलं होतं. म्हणजे वही सरकली होती? की आतलं वाचलं म्हणूनच सोडलं? रागवावं की पाया पडावं, अजून कळत नाही. "बरा आहे," एवढंच म्हटलं.

पण हे उपकार मी एक दिवस फेडीन. त्यांचं काही माझ्यासमोर उघडं पडलं, तर मीही त्यावर वही धरीन.